दगडाला विचारून

मुकान्या पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मोठ्यानं नाही. दोन्ही तळवे सरळ जुळवून, हलक्या, सावकाश, चार-पाच. आत ग्राइंडर चालू होते, तरी मला त्या ऐकू आल्या, कारण बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत इतक्या हळू कुणी काही करत नाही. आमचा जुना ऑपरेटर शिवण्णा, त्याला वाटलं पाहुणा चहावाल्याला बोलावतोय. त्यानं कोपऱ्यावरच्या टपरीकडं बोट दाखवलं. तो उंच, साठीकडं झुकलेला आफ्रिकन माणूस हसला, पुन्हा तशाच टाळ्या वाजवल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. मी 'या' म्हटल्यावर आत आला. त्यांच्याकडं टाळी म्हणजे हाक नव्हे, नमस्कार, हे आम्हाला पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्याच्याकडं वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन छिन्न्या होत्या. टोकं झिजून बोथट झालेली. आमचं काम तेच: हत्यारांना धार लावणं, तुटलेल्या टोकांना नवी टोकं बसवणं. वर्कशॉप वडिलांनी उभं केलं. ते गेल्यापासून मी चालवते. आमची पावती त्यानं दोन्ही हातांनी घेतली, लग्नाची अक्षत घ्यावी तशी. दोन दिवसांनी छिन्न्याही दोन्ही हातांनीच घेतल्या, एकेकीच्या टोकावर अंगठा फिरवून पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "या मी इथंच वापरून पाहिल्या तर चालेल?"

"इथं? कशावर?"

"तेच तर," तो म्हणाला. "माझ्याकडं दगड नाही."

असा तो आमच्याकडं आला आणि पुढं जवळजवळ वर्षभर येत राहिला.

नाव त्यानं सांगितलं होतं, पासपोर्टवरचं. पण नावानं हाक मारणं त्याला उघडं पडल्यासारखं वाटे. त्यांच्या शोना लोकांत प्रत्येक कुळाला एक प्राणी असतो आणि माणसाला मान द्यायचा तर त्याला कुळाच्या पदवीनं बोलवायचं. याचं कूळ माकडाचं. त्या कुळातल्या पुरुषाला 'मुकान्या' म्हणतात. अहो-जाहो त्या शब्दातच आलं, म्हणून मी त्याला वेगळं 'ते' लावत नाही. आमच्या आत्यानं मात्र नाव ऐकलं आणि हळहळली. "अय्यो, मुका आहे का बिचारा?" शिवण्णालाही कन्नडमधला 'मूगा' आठवला. पहिले काही दिवस तो मुकान्याशी फक्त हातवारे करून बोलायचा, आणि मुकान्याही मुकाट्यानं हातवाऱ्यांनीच उत्तर द्यायचा. पाहुण्यानं यजमानाची चूक काढू नये, असं त्याचं म्हणणं.

माकडाचं कूळ हे समजल्यावर शिवण्णानं आपल्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "आंजनेया!" तेव्हापासून दर शनिवारी देवळातला प्रसाद आधी मुकान्याला, मग मला. मुकान्या तो उभ्यानं खाई आणि शिवण्णाला सांगे, "तुमच्या देवानं माझ्या आजोबांना ओळखलं." बेंगळुरूत लोक त्याच्याकडं टक लावून बघत, परवानगी न घेता फोटो काढत, दोन घरमालकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. आपलं कूळ ऐकून हात जोडणारा शिवण्णा हा या शहरातला पहिलाच माणूस, असं त्यानं मला एकदा सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

तो इथं कशासाठी आला होता ते सांगायला त्याला महिना लागला. बायकोवर उपचार चालू होते. मुली तिकडं गावी. दवाखान्यात भेटायची वेळ सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. मधले सगळे तास त्याला पुरून उरायचे. सामानात कपडे कमी करून त्यानं छिन्न्या, हातोडी आणि दोन कानशी आणल्या होत्या. "मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं वाट बघता येत नाही," तो म्हणाला.

त्यांच्यात सकाळी भेटल्यावर 'झोप लागली का' असं विचारायचं, आणि उत्तर ठरलेलं: 'तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली.' मी ते शिकून घेतलं. रोज साडेनऊला, दवाखान्यातून तो आला की मी विचारायची आणि तो सांगायचा. मला बऱ्याचदा झोप लागलेली नसे. आईबाबांच्या मागं राजाजीनगरच्या घरात आम्ही दोघीच, आत्या आणि मी. आत्या आठला झोपते. पण कुणीतरी आपल्या झोपेवर स्वतःची झोप अवलंबून ठेवतंय म्हटल्यावर मी 'लागली' म्हणायला शिकले.

एक दिवस त्यानं विचारलं, "तुझा प्राणी कोणता?"

"आमच्यात तसलं काही नसतं."

"सगळ्यांत असतं. काही लोक विसरतात."

घरी येऊन मी आत्याला विचारलं. ती तूप कढवत होती. मागं न बघताच म्हणाली, "देवक विचारतेस होय? साळुंखीचं पीस. तुझ्या आईबाबांच्या लग्नात मिळता मिळेना. शेवटी लालबागेत जाऊन आणलं. तुझं लग्न झालं असतं तर तुला कळलं असतं." शेवटचं वाक्य तिनं जराही दुखवायचं म्हणून म्हटलं नव्हतं. मला मात्र ते त्या रात्रभर पुरलं.

मुकान्याला सांगताना मला थोडी लाजच वाटत होती. सिंह नाही, गरुड नाही, साळुंखी. आमच्या पत्र्यावर दिवसभर भांडत असतात त्यातली. त्यानं छिन्नी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या, पहिल्या दिवशीसारख्या. "सिंहाला काय, तो रानात राहतो," तो म्हणाला. "माणसांच्या इतकं जवळ राहून रानातलं राहायचं, हे अवघड काम आहे." त्या दिवसापासून तो मला साळुंखी म्हणू लागला. मला घराण्यावरून हाक मारणारा तोच पहिला.

दगडाचं त्याचं एक शास्त्र होतं. पीण्यात ग्रॅनाइटचे तुकडे हवे तेवढे पडलेले. त्यानं हातोडीनं दोन-तीन ठोकून पाहिले आणि मान हलवली. "हा बहिरा आहे. याच्याशी भांडावं लागतं." शेवटी शिवण्णाच्या ओळखीनं मागडी रोडवरच्या मूर्तिकारांच्या शेडमधून एक 'बळपद कल्लु' मिळाला, ज्याच्या पूर्वी पाटीवरच्या पेन्सिली करत तो दगड. हिरवट-काळा, कंबरेइतका उंच. मुकान्यानं त्याला चहूबाजूंनी ठोकलं, कान लावला. नितळ आवाज म्हणजे आत तडा नाही. मग मला म्हणाला, "मला तपकीर लागेल."

आमच्या राजाजीनगरात एका जुन्या दुकानात अजून तपकीर मिळते. मी आणून दिली. त्यानं ती चिमूटभर दगडाजवळ जमिनीवर टाकली, उकिडवा बसला, टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला. दगड काढण्याआधी, घडवण्याआधी पूर्वजांना विचारायचं असतं. "इथले पूर्वज तुमचे आहेत," तो म्हणाला. "त्यांना माझी भाषा येत नसेल. पण तपकीर कळत असेल." मग चार दिवस तो दगडासमोर नुसता बसून होता.

त्याला त्यातून एक ईलंड काढायचं होतं. नीलगाईपेक्षा मोठं, पिळाच्या शिंगांचं हरीण. त्याच्या बायकोचं कूळ ते. त्या कुळातल्या बाईला 'चिहेरा' म्हणतात आणि चिहेरा फटकळपणासाठी प्रसिद्ध. "चिहेराशी लग्न केलेला माणूस बाहेर फार शहाणा समजला जातो," मुकान्या सांगायचा, "कारण तो सगळीकडं गप्प असतो."

तिला मी एकदाच भेटले. दवाखान्यातल्या खाटेवर एवढीशी झालेली, डोक्याला पिवळा रुमाल. मुकान्या खाली औषधं आणायला गेला तशी तिनं मला जवळ बोलावलं.

"तो तिकडं काम करतो की नुसता बसतो?"

"करतो ना."

"खोटं. सुरू करण्याआधी हा चार दिवस बसतो. घरी असता तर मी त्याला पाणी भरायला लावलं असतं." दम लागला म्हणून ती थांबली. "फोटो दाखवला त्यानं. माझं हरीण त्यानं बारीक केलंय. मी आजारी आहे, ईलंड नाही. ईलंड लठ्ठ असतं. सांग त्याला."

"सांगते."

"आणि तू? तू एकटी आहेस?"

"आत्या असते घरी."

"मी आत्याबद्दल विचारलं नाही," ती म्हणाली. तेवढ्यात मुकान्या आला. निघताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी निरोप दिला. मुकान्या हसला आणि दुसऱ्या दिवशी हरणाचं पोट सोडून मानेकडं वळला. आणि तिथंच, शिंगाच्या मुळाशी, दगडाला तडा गेला. मी ऑफिसात होते. हातोडीचा आवाज थांबला म्हणून बाहेर आले. तो तड्यावर बोट ठेवून उभा होता.

"चिकटवता येईल," मी म्हटलं. "आमच्याकडं चांगलं अ‍ॅडहेसिव्ह आहे."

"नाही. त्याला हरीण व्हायचं नाही." एवढंच बोलून त्यानं दगडावर पोतं टाकलं. संध्याकाळी जाताना म्हणाला, "चिहेराला सांगू नको."

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती गेली. पहाटे, तो खालच्या बाकावर बसलेला असताना. देह गावी नेणं झेपणारं नव्हतं, आणि कागदपत्रं संपता संपेनात. इथल्याच ख्रिश्चन दफनभूमीत जागा मिळाली. पाद्री, मुकान्या, शिवण्णा, मी, आणि सारखी घड्याळ बघणारी दवाखान्यातली एक नर्स, एवढीच माणसं. तिकडं असती तर अख्खं गाव आलं असतं, बायकांनी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलं असतं, तो म्हणाला. आमच्यापैकी कुणाला तिची नक्कल येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी साडेनऊला तो वर्कशॉपवर आला. मला वाटलं नव्हतं येईल. सवयीनं मी विचारलं, "झोप लागली का?"

तो उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, "नाही."

त्या भाषेत तसं उत्तर नसतंच. शिवण्णानं मशीन बंद केली.

महिनाभर त्यानं दगडाला हात लावला नाही. यायचा, पोत्याजवळ खुर्ची टाकून बसायचा, वेळ झाली की उठायचा, दवाखान्याच्या दिशेनं चालू लागायचा आणि कोपऱ्यावरून परत यायचा. ते कोपऱ्यावरून परत येणं मी खिडकीतून रोज पाहायची आणि त्याला कळू द्यायची नाही. मग एके सकाळी मी पोचले तर पोतं खाली पडलेलं आणि छिन्नी चालू. तड्याच्या बाजूचा सगळा भाग त्यानं पाडून टाकला होता. आत एक पक्षी दिसू लागला होता. आखूड शेपटीचा, मान खांद्यात घेतलेला गरुडाच्या जातीतला पक्षी. त्यांच्या भाषेत चापुंगू. मेलेल्यांचा निरोप जिवंतांकडं आणि जिवंतांचा मेलेल्यांकडं नेतो तो.

"मी त्याला विचारलं होतं, पण उत्तर ऐकलं नव्हतं," मुकान्या म्हणाला. "त्यानं पहिल्यापासून पक्षीच सांगितला होता. मला ती बरी होऊन यायला हवी होती, म्हणून मी हरीण ऐकलं."

मग त्यानं मला नीट समजावून सांगितलं. माणूस गेल्यावर त्यांच्याकडं लगेच सगळं संपत नाही. आत्मा काही महिने बाहेर फिरत राहतो. मग घरचे जमतात, बाजरीसारख्या धान्याची बिअर करतात, आणि त्याला घरी बोलावून आणतात. त्यानंतर तो घरचा राखणदार होतो. तोवर तो उघड्यावर. "ती उघड्यावर आहे, साळुंखी. तेही अशा गावात, जिथं तिला रस्ता विचारता येत नाही. तिला इथली भाषा येत नाही म्हणून ती किती चिडली असेल!" आणि तो हसता हसता रडायला लागला. त्याला रडताना मी तेवढंच पाहिलं.

पक्षी झाला तो साधा. पंखांवर दगडाची मूळची खडबडीत साल तशीच ठेवलेली. फक्त डोकं आणि चोच घासून, आमच्या गॅसच्या टॉर्चनं दगड तापवून, मेण जिरवून काळाभोर चकाकता केलेला. त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरहून एक मूळचे पुण्याचे गृहस्थ हत्यारांच्या कामाला आले आणि पक्ष्यासमोरच थांबले. "मॅडम, हा पीस अमेझिंग आहे. आमच्या सोसायटीच्या लॉबीला एकदम सूट होईल. आर्टिस्टशी बोलून द्या ना." मी मुकान्याला सांगितलं. त्यानं पाहुण्याला टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि म्हणाला, "माफ करा. त्याला काम आहे." गृहस्थांना वाटलं, आर्टिस्ट दुसराच कुणी आहे आणि त्याला काम आहे. ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम, मी थांबतो." आणि खरंच अर्धा तास थांबले.

व्हिसाची मुदत संपत आली. जायच्या आधल्या रविवारी शिवण्णानं टेम्पो आणला आणि आम्ही पक्षी दफनभूमीत नेला. तिथला राखणदार अँथनप्पा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्यानं आधी हरकत घेतली, मग पक्ष्याकडं बघितलं, मग स्वतःच पहार घेऊन खड्डा खणू लागला. मुकान्यानं तपकीर टाकली, तिच्याशी बोलला. नंतर थडग्यावरची मूठभर माती घेतली. आत्यानं त्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दिला होता. डबा देताना ती म्हणाली होती, "आतून पुसून कोरडा केलाय. ओल राहिली तर मातीला बरं नव्हे." ही माती गावी पोचली की मग विधी.

परत निघताना तो मला म्हणाला, "आम्ही तिकडं तिला बोलावेपर्यंत काही महिने जातील. पक्षी आहे, पण पक्षी बोलत नाही. तुला जमलं तर कधीतरी ये. काही करू नको. नुसती बोल. ती उत्तर देईल, तिला गप्प बसता येत नाही."

विमानतळावर मी एकटीच गेले होते. आत जाण्याआधी त्यानं माझ्या हातात छिन्न्या ठेवल्या, तिन्ही, आणि म्हणाला, "यांना धार लावून ठेव. कुणाच्या तरी उपयोगी पडतील." मग सामान खाली ठेवून, त्या एवढ्या गर्दीत, हलक्या, सावकाश टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्यामागं ट्रॉल्यांची रांग खोळंबली होती.

मी जाऊ लागले. आधी महिन्यातून एकदा, मग दर रविवारी. सुरुवातीला मी नुसती बसायची, बोलायला लाज वाटायची. मग अँथनप्पाची पाठ वळली की हळूच सांगायला लागले. मराठीतच. वर्कशॉपमधलं, आत्याच्या गुडघ्यांचं, कुणाला सांगण्यासारखं नसलेलं सगळं. तिनं मला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तरही एकदा देऊन टाकलं. हो, म्हटलं, एकटी आहे. बाजूच्या झाडावरून काहीतरी पडलं, बहुतेक खार असावी, पण मला ती फटकळपणे काहीतरी बोलल्यासारखं वाटलं आणि मी हसले. मी आयुष्यात एवढं मोकळं कुणाशी बोलले नाही, आणि जिच्याशी बोलले तिला मी उणापुरा अर्धा तास पाहिलं होतं.

सहा महिने झाले असतील. एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. मागं खूप माणसं, ढोल, बायकांचं हसणं.

"आली ती," तो ओरडून म्हणाला. "काल आली. सगळे होते. धाकटी म्हणाली, चुलीपाशी कुणीतरी रागावल्यासारखं वाटलं. मग आम्हाला कळलं."

"फार बरं झालं, मुकान्या."

"आता तू जायला नको. तिथं कुणी नाही. पक्षीही आता नुसता दगड आहे. तुझे उपकार आहेत, साळुंखी." आणखी काही म्हणाला ते ढोलात ऐकू आलं नाही. मग लाइन तुटली. नंतर मी दोन-तीनदा लावला, लागला नाही. पुढंही कधी लागला नाही.

शिवण्णाला सांगितलं, त्यानं डोळे मिटून हात जोडले. आत्या म्हणाली, "सुटली बिचारी." मीही तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सवयीनं लवकर उठले, अंघोळ केली, केस विंचरले, चप्पल घातली, आणि दारात माझ्या लक्षात आलं की आता जायचं कुठंच नाही. ती घरी पोचली होती. तिकडं चुलीपाशी तिची माणसं होती. थोडा वेळ मी दारातच उभी राहिले. मग रिक्षा केली आणि गेले.

अँथनप्पा बाकावर बसून शेंगा खात होता. मला बघून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "काय अक्का, आज उशीर?"

"त्या गेल्या," मी म्हटलं. "त्यांच्या गावी. काल फोन आला होता."

त्यानं थडग्याकडं पाहिलं, मान डोलवली. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"असंच," मी म्हटलं. "घरी करमेना."

अँथनप्पानं शेंगांची टरफलं हातानं झाडून खाली टाकली आणि बाकावर थोडा सरकला.